रद्द झालेल्या फेरीसाठी कसे लढावे: पुण्यातील बसप्रवाशांसाठी मार्गदर्शन

१ जून २०२५ पासून पुणे परिसरातील शहर बससेवेचे, म्हणजे पीएमपीचे, किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, महापालिका हद्दीतील ४० रुपयांचा दैनिक पास ७० रुपयांना मिळू लागला आणि ९०० रुपयांच्या मासिक पाससाठी १५०० रुपये मोजावे लागू लागले. ज्या घरातील दोघे जण पास काढून रोज कामाला जातात, त्या घराचा महिन्याचा खर्च एका फटक्यात १२०० रुपयांनी वाढला. भाडेवाढ झाली की थांब्याथांब्यावर संताप व्यक्त होतो, वर्तमानपत्रांत पत्रे येतात आणि आठवडाभरात सगळे शांत होते, कारण नेमके काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि कधी मागायचे हे ठरलेले नसते. या तीन गोष्टी ठरवल्या तर एका थांब्यावरचे दहा-बारा प्रवासीही पुष्कळ काही करू शकतात. ते कसे करावे, हे येथे सविस्तर मांडले आहे.

पैसा कोणाच्या हातात आहे

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवांचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजेच पीएमपी, ही कंपनी स्थापन झाली. तिकिटांच्या उत्पन्नातून बस चालवण्याचा सगळा खर्च निघत नाही. उरलेली रक्कम, म्हणजे संचलन तूट, पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरून देते. भाडेवाढीचा प्रस्ताव महामंडळाचे संचालक मंडळ संमत करते आणि त्यावर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते.

ही रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या दारात उभे राहून आंदोलकांची बरीच शक्ती वाया जाते. सकाळची एखादी फेरी नियमितपणे रद्द होत असेल तर तो विषय आगार व्यवस्थापकाचा आहे. मार्गच बंद झाला असेल किंवा तो अर्ध्यावर तोडला असेल तर स्वारगेटच्या मुख्य कार्यालयात जावे लागते. परंतु भाडे परवडणारे असावे आणि नव्या बस याव्यात, ही मागणी अखेरीस दोन्ही महापालिकांच्या अर्थसंकल्पाशी येऊन थांबते. वाहकाशी भाड्यावरून हुज्जत घालून यातील काहीही साध्य होत नाही.

महापालिकेत गेल्यावर ‘पीएमपी तोट्यात आहे’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. त्याचे उत्तर तयार ठेवावे. त्याच अर्थसंकल्पातून उड्डाणपूल बांधले जातात, रस्ते रुंद होतात, आणि त्यांच्या खर्चाला कोणी तोटा म्हणत नाही. मग ज्या सेवेमुळे रुग्णालयातील आया, महाविद्यालयातील मुले आणि मंडईतील हमाल वेळेवर पोहोचतात, तिच्यावरचा खर्च तोटा का ठरावा, हा प्रश्न शांतपणे आणि दर वेळी विचारला पाहिजे.

एक मार्ग, एक थांबा

सुरुवात संपूर्ण शहरापासून करू नये. एक मार्ग निवडावा आणि त्यावरील एका थांब्यावर रोज भेटणारे पाच-सहा जण एकत्र आणावेत. त्यांत घरकाम करणाऱ्या बायका, पासधारक विद्यार्थी, पाळीत काम करणारे कामगार आणि ज्येष्ठ नागरिक असतील असे पाहावे, कारण निवृत्त मंडळींना सोयीच्या वेळी सभा ठेवली तर ज्यांना बसची सर्वाधिक गरज आहे तेच येऊ शकत नाहीत. सभेपेक्षा थांब्यावरची पंधरा मिनिटे अधिक उपयोगी पडतात. पक्षाचा झेंडा असू नये. सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांना निवेदनाची प्रत मात्र जरूर द्यावी.

चालक आणि वाहक यांच्याशी पहिल्या दिवसापासून चांगले संबंध ठेवावेत. भाडेतत्त्वावरील बसचा चालक ठेकेदाराचा आणि वाहक पीएमपीचा असतो, आणि बस वेळेवर न सुटण्यात दोघांचाही दोष नसतो असे बहुतेक वेळा दिसून येते. बस कोठे बंद पडते, कोणत्या वेळी आगारातून गाडीच बाहेर निघत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या नावानिशी कोठेही लिहू नयेत. त्यामुळे त्यांची नोकरी अडचणीत येऊ शकते.

मोजणी

सगळ्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘बस वेळेवर येत नाही’ असे म्हटले की अधिकारी ‘पाहतो’ म्हणतात आणि विषय संपतो. याउलट सलग दोन आठवड्यांची नोंद टेबलावर ठेवली की तिला उत्तर द्यावे लागते.

साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर सहा रकाने आखावेत: तारीख, वेळापत्रकातील वेळ, बस प्रत्यक्ष आली ती वेळ, गाडीचा क्रमांक, मार्गाची पाटी वाचता येत होती का, आणि बस थांबली की भरलेली असल्यामुळे पुढे निघून गेली. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते साडेआठ या वेळांत आळीपाळीने दोघांनी उभे राहावे. वेळेवर आलेली बसही तितक्याच काटेकोरपणे लिहावी, कारण नुसत्या तक्रारींची वही कोणी खरी मानत नाही.

नोंदी झाल्यावर सरासरी काढण्याची घाई करू नये. तासाला तीन बस असे कागदावर दिसते, पण त्या तिन्ही बस दहा मिनिटांत एकामागोमाग आल्या तर पुढची पन्नास मिनिटे थांबा रिकामा राहतो आणि सरासरी मात्र उत्तम दिसते. म्हणून दोन बसमधील सर्वांत मोठे अंतर रोज वेगळे लिहावे. निवेदनात हाच आकडा सर्वांत वर यायला हवा.

आपल्या वहीला जोड म्हणून माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो आणि उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. अर्जात ‘का’ विचारू नये, नोंदी मागाव्यात. उदाहरणार्थ: ‘मार्ग क्रमांक अमुक वर गेल्या महिन्यात तारीखवार नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या व रद्द फेऱ्या यांची संख्या, रद्द होण्याची नोंदवलेली कारणे, तसेच या कालावधीत ठेकेदाराकडून वसूल केलेला दंड यांच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात.’ उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांच्या आत २० रुपये शुल्क भरून पहिले अपील करावे. पुष्कळ वेळा अपिलाच्या सुनावणीतच अधिकाऱ्यांशी पहिल्यांदा सविस्तर बोलणे होते, तेव्हा ती टाळू नये.

निवेदन

निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात एकच मागणी असावी. ‘सकाळी ८.४० ची फेरी दोन आठवड्यांत नऊ वेळा आली नाही. ती सोमवार ते शनिवार नियमित सोडावी आणि हा बदल कोणत्या तारखेपासून होईल ते लेखी कळवावे,’ अशा स्वरूपाचे वाक्य पुरेसे आहे. सोबत वहीच्या पानांच्या छायाप्रती आणि प्रवाशांच्या सह्या जोडाव्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांना लिहावे. निदर्शने करायची वेळ आली तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्यावी आणि बस अडवू नये. अडवलेल्या बसमध्ये आपलेच सहप्रवासी बसलेले असतात.

अर्थसंकल्पाचा हंगाम

महापालिका आयुक्त पुढील वर्षाचे अंदाजपत्रक साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मांडतात, आणि तोपर्यंत बहुतेक आकडे ठरून गेलेले असतात. त्यामुळे पीएमपीसाठी अधिक तरतुदीची मागणी दिवाळीनंतर लगेच लेखी पोहोचली पाहिजे. थांब्यावरचे छप्पर, बसण्याची बाके, थांब्यापर्यंतचा पदपथ अशा छोट्या कामांसाठी पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. तिचे अर्ज त्याच्याही आधी मागवले जातात, म्हणून पावसाळ्यातच क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करावी.

मोठ्या मागणीसाठी केंद्राचाच निकष हाताशी आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-निकषांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर ती सर्वोत्तम श्रेणी मानली जाते, म्हणजेच लाखामागे ६० बस. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे ४८ लाख ५० हजार होती. तेवढ्यासाठीच सुमारे २,९०० बस लागतात, आणि त्यानंतर शहर किती वाढले हे आपण सर्व जण पाहतोच आहोत. पीएमपीच्या रोज रस्त्यावर धावणाऱ्या बसची संख्या माहितीच्या अधिकारात मागवून या आकड्याशेजारी मांडावी. मालकीच्या बस किती आणि रोज रस्त्यावर किती, हे दोन वेगळे आकडे आहेत; दुसराच मागावा.

भाडे कमी होऊच शकत नाही, असे कोणी म्हणाले तर मुंबईचा दाखला द्यावा. जुलै २०१९ मध्ये तेथील बेस्ट बससेवेचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले आणि ते शक्य झाले कारण मुंबई महापालिकेने बेस्टला अनुदान दिले. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले, हेही लपवू नये. परवडणारे भाडे दर वर्षीच्या तरतुदीवर टिकते, आणि ती तरतूद दर वर्षी मागावी लागते.

म्हणून मागणी मान्य झाल्यावर गट विसर्जित करू नये. महिन्यातून एक आठवडा मोजणी चालू ठेवावी, वही नव्या सभासदाकडे सोपवावी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कमी केलेल्या फेऱ्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पूर्ववत झाल्या की नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात आगारात जाऊन विचारावे.