रात्रभराच्या टेस्ट लावून निघण्याआधी

ब्राउझरच्या टेस्ट लिनक्स डेस्कटॉपवर रात्रभर चालवायच्या असतील, तर निघण्याआधीचा अर्धा तास मशीनला द्या. सकाळी दहा-बारा टेस्ट लाल, म्हणजे फसलेल्या, दिसतात, डेव्हलपरशी वाद घालून होतो आणि दुपारी कळतं की साइट ठणठणीत होती, आपलंच मशीन मध्यरात्री झोपलं होतं. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप सस्पेंड होणं बंद करा, आणि लॅपटॉप असेल तर झाकण उघडंच ठेवा.

मग व्हर्जन. क्रोम आणि टेस्टच्या हुकमाने त्याला चालवणारा क्रोमड्रायव्हर यांच्या व्हर्जनचा पहिला (मेजर) आकडा एकच हवा. क्रोमने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि ड्रायव्हर मागे राहिला, की सेशन सुरूच होत नाही. सेलेनियम या ब्राउझर-टेस्टच्या टूलच्या ४.६ व्हर्जनपासून त्यातला सेलेनियम मॅनेजर ड्रायव्हर स्वतः शोधून उतरवतो, त्यामुळे हा त्रास संपला असं वाटतं. पण पाथमध्ये, म्हणजे सिस्टीम प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांमध्ये, कधीकाळी टाकलेला जुना ड्रायव्हर पडून असेल, तर तोच उचलला जातो. माझ्या मशीनवर असा एक ड्रायव्हर कितीतरी महिने दडून बसला होता आणि मी शिव्या सेलेनियमला घालत होतो. टर्मिनलमध्ये ‘व्हिच क्रोमड्रायव्हर’ विचारा. अनोळखी जागा दिसली तर उडवून टाका. व्हर्जन गोठवायचंच असेल तर २०२३ पासून मिळणारं ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ घ्या, ते आपणहून अपडेट होत नाही.

फायरफॉक्सची गंमत वेगळी. उबुंटू २२.०४ पासून तो स्नॅप म्हणून, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजात, येतो. बाहेरून आणलेला गेकोड्रायव्हर (फायरफॉक्सचा ड्रायव्हर) तात्पुरतं प्रोफाइल टेंप फोल्डरमध्ये बनवतो, पण स्नॅपमधल्या फायरफॉक्सला दिसणारं टेंप फोल्डर त्याचं स्वतःचं, निराळं असतं. मग प्रोफाइल सापडत नसल्याची तक्रार करणारी खिडकी उघडते आणि सगळं तिथेच अडकतं. गेकोड्रायव्हरला ‘प्रोफाइल-रूट’ देऊन होम फोल्डरमधली जागा दाखवा, किंवा स्नॅपबरोबर येणाराच गेकोड्रायव्हर वापरा.

डेस्कटॉपचं सेशन वेलँडचं आहे की एक्स-११ चं (पडद्यावर खिडक्या दाखवायच्या या दोन पद्धती), तेही बघा. सेलेनियमला त्याचं फारसं काही नसतं, पण माउस-कीबोर्ड हलवायला एक्सडूटूल वापरत असाल, तर वेलँडच्या खिडक्यांवर त्याचं काही चालत नाही. बहुतेक जण ते फाइल अपलोडच्या डायलॉगसाठी आणतात आणि त्याची गरजच नसते. फाइलच्या इनपुटला सेंड-कीजने फाइलचा पूर्ण पाथ द्या, डायलॉग उघडतच नाही. खरा पडदा नको असेल तर एक्सव्हीएफबी हा आभासी पडदा लावा आणि माप स्वतः सांगा: १९२० गुणिले १०८०, रंग २४ बिट. ब्राउझर हेडलेस, म्हणजे पडद्यावर न दाखवता, चालवतानाही खिडकीचं माप द्या. नाहीतर ती लहान उघडते, साइट मोबाइलचा मेनू दाखवते आणि तुम्ही ‘बटण सापडत नाही’ म्हणून लोकेटर (पानावर बटण शोधायचा पत्ता) उसवत बसता.

फाँटकडे कुणी बघत नाही. नव्या कंटेनरमध्ये (टेस्ट चालवायच्या बंदिस्त वातावरणात) देवनागरी फाँट नसतोच म्हणा ना! ‘जतन करा’ लिहिलेल्या बटणावर चौकोनांची रांग दिसते. टेस्ट तरी हिरवीच, कारण डॉममधला, म्हणजे पानाच्या आतल्या रचनेतला, मजकूर बरोबर असतो. फसते ती स्क्रीनशॉटची तुलना, कारण चौकोनांनी बटणाची रुंदी बदललेली असते. फाँटची यादी देणाऱ्या ‘एफसी-लिस्ट’ला मराठीचा भाषा-कोड देऊन विचारा; उत्तर रिकामं आलं तर डेबियन-उबुंटूवर नोटो-कोअर फाँटचं पॅकेज टाका.

डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या टूलमध्ये चालवत असाल तर शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते. जड पान उघडलं की टॅब कोसळतो, तोही दरवेळी नाही, म्हणून माणूस टेस्टवरच संशय घेतो. कंटेनर सुरू करतानाच ती वाढवा. क्रोम रूट, म्हणजे सर्वाधिकारी युझर, म्हणून चालायला नकार देतो, तेव्हा सगळे सँडबॉक्स ही त्याची सुरक्षेची भिंत बंद करून मोकळे होतात. साधा युझर बनवायला दोन ओळी लागतात, तेवढं करा. टाइमझोन ठरवून द्या, नाहीतर मध्यरात्रीनंतर तारखेच्या टेस्ट एक दिवस मागे-पुढे होतात.

कालची भुतं, म्हणजे बंद न झालेले ड्रायव्हर, राहिलीत का, तेही बघून घ्या. चालू प्रोग्राम शोधणाऱ्या ‘पीग्रेप’ला क्रोमड्रायव्हर विचारला आणि सात-आठ आकडे आले, तर कुणीतरी ‘क्विट’ऐवजी ‘क्लोज’ लिहिलंय. क्लोजने नुसती खिडकी मिटते, ड्रायव्हर मागे जागाच राहतो. डिस्कवर जागा आहे ना, हेही एकदा पाहा, स्क्रीनशॉट भराभर साठतात.

आता एक टेस्ट मुद्दाम चुकवा. शीर्षक चुकीचं अपेक्षित धरा आणि ती एकटीच चालवा. ती लाल व्हायला हवी, लॉगमध्ये कारण दिसायला हवं आणि स्क्रीनशॉटची फाइल उघडून त्यात खरंखुरं पान दिसायला हवं, नुसता पांढरा चौकोन नको. दिसलं, की शीर्षक पूर्ववत करा आणि रन सुरू करून निघा.