उद्याच्या खुनाची कादंबरी लिहायची तर

काळ फार पुढचा घेऊ नका, दहा वर्षं पुरेत. खुनाची रीतही आज घडलेल्या गोष्टीतूनच उचला. 2017 साली अमेरिकेत सुमारे 4 लाख 65 हजार पेसमेकरमध्ये, बाहेरून छेडछाड करता येईल अशी सुरक्षेची त्रुटी सापडली आणि अपडेट काढावं लागलं. रुग्णाने दवाखान्यात जायचं, तीनेक मिनिटं बसायचं. तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला 67 ठोक्यांवर चालणार. कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती, पण कादंबरीकाराला ती तीन मिनिटं लाखमोलाची. खोलीत कोण उभं आहे? बाहेर बाकावर कोण वाट बघतंय? पहिलं प्रकरण तिथेच सुरू करा.

हेतू मात्र जुनाच ठेवा. बांधाचा वाद, वाटणी, सातबाऱ्यावरून गुपचूप उडालेलं बहिणीचं नाव. अंधाऱ्या खोलीतला हॅकर नको, तो आपल्याला कुठे भेटतो? दवाखान्यातली यंत्रं सांभाळणारा, कर्जाचे हप्ते थकलेला मुलगा जास्त पटतो.

तपास उरकू नका. आपल्याकडच्या रहस्यकथा इथेच उण्या पडतात, असं मला मनापासून वाटतं. मोबाइल जप्त झाला, पंचांच्या सह्या झाल्या, मुद्देमाल सीलबंद झाला, हे सगळं दाखवा. मग डेटाची प्रत आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची ओळखखूण. मूळ फाइलमधलं एक अक्षर बदललं, तरी ती अख्खी बदलते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात ती नोंदवावी लागते. आरोपी समोर बसलाय, कबूलही होतोय, आणि तपासी अंमलदाराच्या हातातल्या दोन कागदांवरची हॅश जुळत नाही. या प्रसंगाला चांगली दहा पानं द्या.

खुनी एकटाच असतो, असंही धरून चालू नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली माणसं होती ती. ही अफवा मोबाइलवरून पसरत होती. तुमच्या कादंबरीत अशा मेसेजसोबत सरपंचाच्या हुबेहूब आवाजातली क्लिप येईल. पण त्याआधी मेलेल्यांना घर द्या, संध्याकाळी फोनची वाट बघणारं माणूस द्या. आणि तो मेसेज शब्दशः लिहा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. असा एखादा आपणही पुढे पाठवलाय, हे वाचकाला आठवलं पाहिजे.