फायबर बॉडीची हॉट रॉड घरच्या गॅरेजमध्ये : तयारीची यादी, अर्थिंगसकट

हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीच्या ढंगाची, हौसेने बांधलेली गाडी. तिच्यासाठी सगळ्यात आधी अर्थिंगची, म्हणजे करंटच्या परतीची, वायर आणा. काळी, दीड चौरस मिलिमीटरची, ४० मीटर. हेडलाइटसाठी अडीचची वेगळी. गाडीचं चित्रसुद्धा काढलेलं नाही आणि वायर कसली आणायची, असं वाटेल. वाटू द्या. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा होल्डर बॉडीला आवळला की करंटला परत जायची वाट आपोआप मिळते. फायबर म्हणजे काचतंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिलेली बॉडी, आणि तिच्यातून वीज वाहत नाही. प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपरची मोटर, टाकीतला फ्लोट, सगळ्यांना परतीची वायर वेगळी लागते, आणि तिची वाट बॉडीचे थर द्यायच्या आधी ठरवावी लागते. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं, आणि रंगवून झालेल्या बॉडीला मागाहून भोकं पाडावी लागली.

आता मोसम. बडोद्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करायचं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) घातलेलं रेझिन डब्यातच घट्ट होतं, वर धूर सोडतं. पावसाळ्यात मॅट ओल धरते, थर पांढुरके दिसतात आणि पुढे फुगतात. उन्हाळ्यातच हौस असेल तर पहाटे पाच ते आठ, बास. गॅरेज दोन्ही बाजूंनी उघडं हवं, पण पंखा थेट कामावर सोडू नका. रेझिनमधलं स्टायरिन उडून जातं आणि वरचा थर कच्चा राहतो. त्याच स्टायरिनचा वास आख्ख्या गल्लीत पसरतो, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मॅटचे गठ्ठे फळीवर ठेवा, फरशीवर नाही. विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर येतं हे बडोदेकराला वेगळं सांगायला नको.

कागदपत्रं, थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. म्हणजे ही गाडी खाजगी आवारात फिरवायची, प्रदर्शनाला ट्रेलरवर चढवून न्यायची. ‘बघू, आरटीओत कोणीतरी ओळखीचा निघेल’ हा बेत यादीत धरू नका.

चॅसिस जुन्या जीपचा बरा: शिडीसारखा सांगाडा, पुढे-मागे पाटे, सगळं डोळ्यांना दिसणारं. पण माप आधी घ्या. १९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०६ इंच, फोर्डच्याच मॉडेल टीचा १००, आणि जीप सीजे-३बीचा ८०. फोटोवरून बॉडी काढून जीपवर ठेवली तर मागची चाकं दाराखाली येतात. एक तर चॅसिस लांबवा, आणि ते काम कसलेल्या वेल्डरकडूनच, जोडाच्या आत-बाहेर पट्ट्या मारून; नाही तर बॉडीच आखूड करा. दुसरा मार्ग स्वस्त. चॅसिसला रंग लावण्यापूर्वी एम-८ चे सहा बोल्ट वेल्ड करून घ्या: दोन पुढे, दोन मध्ये, दोन मागे. हे अर्थचे. त्यांच्यावर मास्किंग टेप लावूनच चॅसिस रंगाला द्या. रंगारी टेप लावणार नाही, तुम्हीच लावा.

आधी नमुना, त्यावर फायबरचा साचा, मग साच्यात बॉडी. साच्याचा नमुना प्लायवूडच्या फासळ्यांवर पातळ प्लाय ठोकून, वर पुट्टी. थर्माकोल उघडा ठेवू नका, पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकतं. उभ्या बाजूंना दोन-तीन अंशांचा उतार द्या, नाही तर बॉडी साच्यातून सुटणार नाही. कडा आत वळत असतील तर साचा दोन भागांत, मधे बोल्टची पट्टी. पुट्टी घासताना कंटाळा आला की थांबा, दुसऱ्या दिवशी घासा. नमुन्यावरची प्रत्येक लाट बॉडीवर जशीच्या तशी उतरते. वॅक्सचे पाच हात, प्रत्येक हातानंतर तासभर थांबून पुसायचं, वर पीव्हीएचा (साचा सुटायला लावायच्या द्रावणाचा) पातळ पडदा. तीन हातांत भागेल असं दुकानदार म्हणेल. साचा नमुन्याला चिकटला तर छिन्नी तुमच्याच हातात असणार.

माल. बिनफेंडरची (चाकांवर मडगार्ड नसलेली) छोटी बॉडी साधारण ८ चौरस मीटर धरा. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप मॅट (तुकडे तंतूंची), चार थर, म्हणजे साडेचौदा किलो. एका थराला सुमारे एक मिलिमीटर जाडी येते. रेझिन मॅटच्या अडीचपट, ३६ किलो. साच्याला याच्या दुप्पट थर. दोन्ही मिळून वाया जाणारं धरून मॅट ५० किलो, रेझिन १२५ किलो, जेलकोट (सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर) दोन्हींना सहा-सहा किलो, हार्डनर दोन किलो, ॲसिटोन दहा लिटर. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या बाजूला चौकशी केलीत तर सगळं एका फेरीत मिळतं. ब्रश स्वस्तातले, डझनाने. लोखंडी खाचांचे रोलर दोन. हवेचे बुडबुडे त्यांनीच निघतात, ब्रशने नाही.

इथे घाई नको. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन) आणि हार्डनर एकत्र ओतायचे नाहीत. कधीच नाही, मोजायचं भांडंसुद्धा एकच नको. दोन्ही थेट भेटले तर भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून नीट ढवळा, मग हार्डनर. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन आणलं असेल तर पुन्हा घालू नका. हार्डनर एक ते दीड टक्का, वजनकाट्यावर मोजून. उन्हात आवरत नाही म्हणून एक टक्क्याच्या खाली गेलात तर थर कायमचा कच्चा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला, शेजारी पाण्याची बादली ठेवा. नाकाला सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क. रुमाल बांधून काही होत नाही.

जेलकोट अर्धा मिलिमीटर. पातळ राहिला तर पुढच्या रेझिनने सुरकुततो, मगरीच्या कातडीसारखा. बोट लावल्यावर चिकट लागावा पण बोटाला रंग लागू नये, तेव्हा पहिली मॅट. एका बैठकीत दोन थर, फार तर तीन. जास्त दिले की उष्णता साचून बॉडी पिळवटते. तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये बिजागऱ्या, दिवे आणि डॅशबोर्डच्या जागी तीन मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या पुरा, आणि आता पुन्हा तेच: वायरीची नळीही इथेच. १६ मिलिमीटरची लवचीक नळी, मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून डॅशबोर्डपर्यंत, आतल्या बाजूने, वर मॅटची पट्टी. नळीत ओढायची दोरी आधी घालून ठेवा. पुरलेल्या पट्ट्यांनासुद्धा वायर जोडायला एक बोल्ट बाहेर काढा, कारण पट्टी लोखंडाची असली तरी ती फायबरच्या पोटात आहे, चॅसिसला लागलेली नाही. वॅक्स घातलेलं रेझिन शेवटच्या हाताला, नाही तर आतली बाजू महिनाभर चिकट राहील.

बॉडी साच्यात असतानाच २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा सांगाडा आतून बसवून फायबरने बांधा. आधी काढून मग सांगाडा बसवला की दारं बसत नाहीत. साच्यात किमान तीन दिवस. भोक पाडताना टेप लावून, जेलकोटच्या बाजूने, ड्रिल आधी उलटं फिरवून. बोल्टखाली मोठं वॉशर. सीटबेल्टचे बोल्ट चॅसिसला किंवा त्याला वेल्ड केलेल्या पाइपला, फायबरला अजिबात नाही. इंजिन आणि पाय यांच्या मधला पडदा लोखंडी पत्र्याचा, कारण हे रेझिन पेटतं. सायलेन्सरच्या पाइपपासून बॉडी तीन इंच दूर, मधे पत्रा.

आता वायरिंग, म्हणजे पुन्हा अर्थ. पितळेची पट्टी, दहा स्क्रूंची, एक डॅशबोर्डमागे आणि एक डिकीत. दोन्ही पट्ट्या जाड वायरने चॅसिसच्या बोल्टला. बॅटरी मागे असेल तर निगेटिव्ह ते चॅसिस ३५ चौरस मिलिमीटर. इंजिन रबरावर बसलंय, तेव्हा इंजिन ते चॅसिस वेगळी पट्टी. ती नसेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जाम होते. बोल्टखालचा रंग खरवडा, दातेरी वॉशर, वरून व्हॅसलीन. अर्थ विसरलात हे ओळखायचं कसं? इंडिकेटर लावला की शेपटीचा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर हलकेच पेटतात, पेट्रोलचा काटा एका टोकाला चिकटून बसतो. फ्यूज बदलत बसू नका. दिवा चालू ठेवून त्याच्या होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा, ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर परतीची वाट कच्ची.

राहिलेलं: घासायचा ८० ते ४०० नंबरचा पेपर, प्राइमर, रंग. बॉडी आणि चॅसिसमध्ये आठ रबरी पॅड. ब्रेक आधी उभ्या गाडीवर तपासा. काच, सीट, आरसे तुमचं तुम्ही बघा. आणि पेट्रोल भरायच्या तोंडाची लोखंडी नळी: तीही फायबरमध्ये अधांतरी आहे, रबरी होजने टाकीला जोडलेली, आणि पेट्रोल वाहताना तिच्यावर स्थिर वीज साचते. नळी ते टाकी एक वायर, टाकी ते चॅसिस दुसरी. ही जोडल्याशिवाय पहिलं लिटरही ओतू नका.