ओळखपरेड सोडा, प्रत्येकाला एक प्रसंग सांगू द्या

सोसायटीची मीटिंग असो, बचत गट असो किंवा नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कंपनीतली नवीन बॅच, सुरुवात ठरलेली. नाव सांगा, गाव सांगा, काय करता सांगा, आणि शेवटच्यापर्यंत येईस्तोवर पहिल्याचं नाव कोणाच्याच लक्षात नसतं. माणूस लक्षात राहतो तो त्याने सांगितलेल्या प्रसंगामुळे. म्हणून गट खरंच जमवायचा असेल तर एक-दीड तास काढा आणि गोल करून बसा.

सगळ्यात जास्त डोकं प्रश्नावर लावा. "एकी म्हणजे काय वाटतं" विचारलं की भाषण येतं, "नाशिकबद्दल काय वाटतं" विचारलं की ट्रॅफिक, खड्डे आणि थोड्या वेळात वाद. मत मागूच नका, प्रसंग मागा, एका दिवसाचा, एका जागेचा. आणि प्रश्न ठरवताना बघा की तिथल्या प्रत्येकाकडे सांगायला काही आहे का. २००८ चा गोदेचा पूर विचारलात तर पंचवटी, सराफ बाजार, भांडीबाजाराकडची मंडळी तासभर बोलतील, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं होतं, दुकानात किती गाळ होता, ऐकायला भारी वाटतं, पण आत्ता आत्ता धुळ्याहून नाहीतर बिहारहून आलेला माणूस नुसता तोंडाकडे बघत बसतो, म्हणजे जोडायला बसलो आणि आपणच दोन गट पाडले. त्यापेक्षा "पावसात कधी अडकलात आणि कोणी मदत केली" असं विचारा. जुना नाशिककर पुराचंच सांगेल, पण नवा माणूसही गप्प राहणार नाही.

सहा ते आठ जण पुरे, जास्त असतील तर दोन गोल करा. सगळे सतरंजीवर किंवा सगळे खुर्चीवर, चेअरमनला खुर्ची आणि बाकी खाली असं नको. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं, एकाने घड्याळ बघायचं. मधे बोलायचं नाही, सल्ला नाही, "माझंपण अगदी सेम झालं होतं" तर अजिबात नाही. नको असेल तो "पुढे जाऊ द्या" म्हणू शकतो. हिंदीत सांगू दे, अहिराणीत सांगू दे, अडलं तर शेजारचा समजावेल.

ही पद्धत बरीचशी अमेरिकेतल्या जॉन ओ'नील यांच्या कामातून आली. १९६३ मध्ये त्यांनी साथीदारांबरोबर मिसिसिपीत फ्री सदर्न थिएटर सुरू केलं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतलं नाटक. प्रयोगानंतर चर्चा ठेवली की वाद घालणारेच बोलायचे, म्हणून मग चर्चेच्या जागी लोकांनी आपापल्या गोष्टी सांगायच्या असं ठरत गेलं. आपल्याकडच्या मीटिंगा आठवा, दुखणं तेच आहे.

पहिली गोष्ट बैठक घेणाऱ्याने सांगायची, आणि ती छोटी हवी, कारण बाकीचे तीच लांबी आणि तोच सूर पकडतात. साहेबांनी "मी शून्यातून कसा वर आलो" सुरू केलं की पुढे सगळ्यांचे सत्कारच. एकदम घरच्या दुःखातही हात घालू नका. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये ३६ प्रश्नांचा प्रयोग प्रसिद्ध केला, अनोळखी जोड्यांना जवळ आणणारा, त्यातही प्रश्न हलके असतात आणि हळूहळू खोल जातात. पहिल्या बैठकीत पाऊस, पहिला पगार, भाड्याची पहिली खोली एवढंच ठेवा.

माझ्या मते सगळ्यात जपायचं म्हणजे तिथलं बोलणं तिथेच राहायला हवं. मोबाईल बाजूला, रेकॉर्डिंग नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही. कंपनीत असाल तर सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालची पोरं वेगळ्या गोलात, बचत गटात सासू-सून वेगळ्या, नाहीतर कोणी मोकळं बोलणारच नाही. कोणाला रडू आलं तर लगेच पाणी आणि पाठीवर हात अशी धावपळ नको, थोडं थांबा, पुढे बोलायचंय का विचारा आणि तो सांगेल तसं करा.

शेवटी अजून एक फेरी घ्या, दुसऱ्याच्या गोष्टीतलं काय डोळ्यांसमोर राहिलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. आपलं कोणीतरी नीट ऐकलं हे तेव्हाच कळतं, म्हणून वेळ कमी पडला तरी ही फेरी गाळू नका. मग चहा, आणि चहाला निवांत वेळ ठेवा, खऱ्या गप्पा तिथेच सुरू होतात. मेंटेनन्सचा विषय मात्र त्या दिवशी काढायचा नाही, तो पुढच्या रविवारी.