ओहोटीच्या वेळी मुंबईचे खडक कसे पाहावेत

मुंबईच्या किनाऱ्यावरचे जीव पाहायचे तर आधी तिथी बघा, मग सुट्टी. आपल्या आजोबांच्या पिढीला पाऊणकी पाठ असायची, ती इथे कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दीडला भरती आणि सहा तासांनी, साडेसातच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला. मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून वेळ पक्की करा आणि पाण्याची उंचीही बघा. ती अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर खालचे खडकही उघडे पडतात. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते फारसं हटतच नाही.

पायात पकड असलेले बंद बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. एकट्याने जाऊ नका आणि पावसाळ्यात तर मुळीच नको.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी जसं मागे सरकेल तसं खाली उतरा. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या काळ्या खडकांवर सगळ्यात वरचा पट्टा फक्त शिंतोड्यांवर जगतो. भेगांमध्ये वाटाण्याएवढे शंख दिसतील. ते तोंडावर झाकण लावून आतला ओलावा धरून बसलेले असतात. त्यांच्या जरा खाली पांढुरके, खरखरीत उंचवटे दिसतात, ते बार्नेकल.

इथे घाई करू नका. डबक्यातल्या पाण्यात बुडालेला एखादा बार्नेकल शोधा, आपली सावली त्याच्यावरून काढा आणि दोन मिनिटं हलू नका. माथ्यावरची दारं उघडतात, पिसासारखे पाय बाहेर येतात, पाणी चाळून पुन्हा आत जातात. शिंपल्याचा भाऊबंद वाटतो, पण हा खेकडा-कोळंबीच्या कुळातला. डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचा चिकटतो आणि जन्मभर पायांनी घास ओढतो. मुलांना बरोबर न्याल तर आधी हाच दाखवा.

मधल्या पट्ट्यात कालवं, शंखात राहणारे खेकडे आणि समुद्रफुलं. हिरवट-तपकिरी बटणांचा गालिचा दिसला तर ते झोअँथिड, समुद्रफुलांचेच भाऊबंद. त्यांना हात लावू नका, काही जातींत जहाल विष असतं. शंकूसारखा निमुळता, नक्षीदार शंखही उचलू नका, आतली गोगलगाय डंख मारते.

सगळ्यात खालचा पट्टा थोडाच वेळ उघडा पडतो. तिथे स्पंज, कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी आणि नशिबात असेल तर कपारीतला ऑक्टोपस दिसतो. हाजी अलीकडे प्रवाळंही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिलं आहे. किनारी रस्त्याच्या कामात आलेली तिथली काही प्रवाळं २०२० मध्ये अलगद काढून दुसरीकडे लावावी लागली.

दगड उलटलात तर तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. एकदा मी घाईत एक दगड उलटा टाकून निघून आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाचा नारिंगी स्पंज वाळून पांढरा पडला होता. तेव्हापासून मी दगड हलवतच नाही, कडेला बसून खाली डोकावते. तुम्हीही तसंच करा. गढूळ पाण्यात पाय टाकायची वेळ आलीच तर पाय उचलू नका, घसटत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडलेलं असेल तर ते आधीच बाजूला होतं.

याच्यापुढचा समुद्र पायी गाठता येत नाही. त्यातले बोंबील, पापलेट, कोळंबी पाहायला पहाटे ससून डॉकला जा.

डबक्यातून बाहेर वाहणारी धार थांबली आणि पाणी आत येऊ लागलं की लगेच वर निघा. शंखांच्या त्या पहिल्या रेषेच्याही वर, कठड्यापाशी उभे राहा. थोड्या वेळात लाटा बार्नेकलपर्यंत पोचतील.