एस्पेरांतो शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी: 'मालसानुलेयो'चे उदाहरण

एस्पेरांतो या कृत्रिमरीत्या रचलेल्या भाषेत रुग्णालयाला 'मालसानुलेयो' म्हणतात. हा शब्द अख्खाच्या अख्खा लॅटिन किंवा फ्रेंच कोशात शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, कारण डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे जगासमोर मांडलेल्या या भाषेच्या सुट्या घटकांतून तो जुळवलेला आहे. म्हणून व्युत्पत्तीकडे वळण्याआधी शब्द फोडावा, आणि तो शेवटाकडून फोडावा. अखेरचा 'ओ' ही नामाची खूण, त्याआधीचा 'एय' स्थळवाचक, 'उल' त्या गुणाची व्यक्ती दाखवणारा, तर आरंभीचा 'माल' अर्थ उलटवणारा. उरते ते 'सान', म्हणजे निरोगी. निरोगीच्या उलट आजारी, आजारी असलेला तो रुग्ण, आणि रुग्णांचे ठिकाण ते रुग्णालय.

प्रत्यय ठरवताना एकाच शब्दावर विसंबू नये. 'लेर्नेयो' (शाळा) आणि 'कुइरेयो' (स्वयंपाकघर) शेजारी ठेवले, की 'एय'चे काम निःसंशय कळते.

आता मूळ शब्दाकडे वळावे. १९०५ च्या 'फुंदामेंतो दे एस्पेरांतो' या आधारग्रंथातील शब्दसंग्रहात प्रत्येक मुळाचा अर्थ फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश या पाच भाषांत दिलेला आहे. त्या ओळीत कोणता शब्द मुळाशी जुळतो ते पाहावे. 'हुंदो' (कुत्रा) जर्मनशी, 'बिर्दो' (पक्षी) इंग्रजीशी जुळतो. 'सान' फ्रेंचकडे बोट दाखवतो आणि त्यामागे लॅटिन 'सानुस' उभा असतो. पाचांपैकी एकही जुळला नाही, तर शोध थांबवू नये: मराठी कानाला प्रश्नार्थक वाटणारा 'काय' (आणि) प्राचीन ग्रीकमधून आला आहे.

खरी काळजी 'माल'च्या बाबतीत घ्यावी लागते, आणि माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत मोलाचा धडा तोच आहे. रूपाने तो 'वाईट' या अर्थाच्या फ्रेंच 'माल'शी जोडलेला असला, तरी एस्पेरांतोत तो केवळ विरुद्धार्थ दाखवतो. त्यामुळे टिपण करताना रूपाचा वंश एका ओळीत आणि भाषेतील कार्य दुसऱ्या ओळीत लिहावे. अन्यथा 'मालयुना' म्हणजे 'युना'च्या (तरुण) उलट, साधा 'वृद्ध' असूनही त्यात नसलेला हिणकस भाव वाचला जातो.