हिरवा दगड म्हणजे जेड नव्हे: दगडी प्राण्यांचं मूळ कसं शोधायचं

दगडात कोरलेला प्राणी घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य हमखास रंगाबद्दल असतं. हिरवा, म्हणजे जेड. निळा, म्हणजे लाजवर्द. पांढरा, म्हणजे संगमरवर. मी रंग सगळ्यात शेवटी बघते. हिरवे दगड पुष्कळ आहेत, आणि हाउलाइटसारखा पांढरा दगड रंगवून पिरोजा म्हणून खपवणं तर सर्रास चालतं. रंग चढवता येतो, घनता चढवता येत नाही. म्हणून माझं पहिलं हत्यार वजनकाटा.

त्याहीआधी एवढंच बघा की तो मुळात दगड आहे ना. नग गालाला लावा. दगड गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. दगडाची पूड मिसळून रेझिनमध्ये ओतलेला नग लगेच कोमट होतो. मग भिंगातून पोटाखाली, पायांच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी बघा. साच्याची बारीक शिवण, टाचणीच्या टोकाएवढे गोल बुडबुडे, कपची उडालेल्या जागी आत वेगळाच रंग, यातलं काही सापडलं तर पुढची सगळी मेहनत वाचली. (बुडबुडे काचेतही असतात, पण काच गार लागते.)

आता घनता. नग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्य करा, आणि नग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. तो पूर्ण बुडायला हवा, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा आता जो आकडा दाखवेल तो नगाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. त्याने कोरड्या वजनाला भागायचं, बस्स. सध्या माझ्या टेबलावर एक शेवाळी हिरवं अस्वल आहे. मालकाच्या मते ते जेडचं आणि आर्क्टिकमधलं. कोरडं वजन ४१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा १५९. भागाकार २.५९. नेफ्राइट जेड असतं तर काटा १४०च्या आसपास थांबला असता.

ताडून बघायला हे आकडे जवळ ठेवा. जिप्समचं अलाबास्टर २.३, ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) २.४, सर्पेंटाइन (जेडसारखा दिसणारा, पण मऊ दगड) २.५ ते २.६, अकीक आणि क्वार्ट्झ २.६ ते २.६५, संगमरवर २.७, संगजिरे २.७ ते २.८, नेफ्राइट २.९ ते ३, फ्लोराइट ३.२, जेडाइट ३.३. मॅलाकाइट ३.६च्या पुढे आणि हेमाटाइट ५च्याही वर. रेझिनचे नग बहुतेक २च्या खालीच राहतात. जेड या एकाच नावाखाली नेफ्राइट आणि जेडाइट अशी दोन वेगळी खनिजं वावरतात हे १८६३ साली दामूर नावाच्या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. त्यामुळे नुसतं ‘जेड’ म्हणून भागत नाही, कोणतं ते विचारावंच लागतं.

लहान नगाला साधा काटा चालत नाही. २० ग्रॅमचा बेडूक एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोललात, तर पाण्यातला आकडा ७ की ८ एवढ्यावर उत्तर २.९ की २.५ ठरतं, म्हणजे जेड की सर्पेंटाइन! अशा वेळी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. कोरीव भागात हवेचे बुडबुडे अडकतात, तेव्हा पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि नगावरून ओला ब्रश फिरवा. चिकटवलेले, रंगवलेले किंवा लाकडी बैठकीचे नग बुडवू नका. अलाबास्टरही पाण्यात फार वेळ ठेवू नये, त्याची झिलई जाते.

घनतेने दोन-तीन उमेदवार उरतात. त्यांच्यात निवाडा करायला कठीणपणा. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली बांधलेली १ (सगळ्यात मऊ) ते १० (सगळ्यात कठीण) ही मोजणी अजून तितकीच कामाची आहे. नख साधारण २.५, चाकूचं पातं ५.५, क्वार्ट्झ ७. ओरखडा काढायचा तो बैठकीच्या खाली, दोन-तीन मिलिमीटरचा. जुन्या किंवा मौल्यवान वाटणाऱ्या नगावर तोही नाही. पात्याचं टोक दाबून ओढलं की रेघ उमटते, आणि बरेच जण इथेच फसतात. ओल्या बोटाने रेघ पुसा. पुसली गेली तर ते पात्याचं लोखंड, दगड पात्यापेक्षा कठीण. खाच राहिली तर दगड मऊ. संगजिऱ्यावर नखाचाही चरा उठतो, आणि त्याची पूड बोटांत चोळली तर बुळबुळीत लागते. माझ्या अस्वलाला नख लागलं नाही, चाकू लागला. नेफ्राइटला, म्हणजे ६च्या पुढच्या दगडाला, चाकू लागला नसता. सर्पेंटाइनवर शिक्कामोर्तब.

पट्ट्यापट्ट्यांचे मधाळ किंवा फिक्या हिरव्या रंगाचे जे प्राणी ‘ऑनिक्स’ म्हणून विकले जातात, ते बहुतेक कॅल्साइटचे असतात. चाकूने सहज चरतात, आणि त्या चऱ्यातल्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की भिंगाखाली फसफस दिसते. थेंब लगेच पुसा, पॉलिश खातो. खरा ऑनिक्स अकीकाच्या घराण्यातला, त्याला ना चाकू लागतो ना व्हिनेगर. आणि कुठलाही नग घासून पूड पाडायच्या फंदात पडू नका. सर्पेंटाइन आणि संगजिऱ्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, मॅलाकाइटची धूळ विषारी असते.

दगडाचं नाव कळलं म्हणजे गाव कळलं असं नाही. सर्पेंटाइन कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये कोरतात, झिम्बाब्वेमध्ये कोरतात आणि चीनमध्येही. इथून पुढे कोरकाम वाचायचं.

नग उलटा करा. इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांच्या कामाच्या तळाशी त्यांच्या लिपीतली सही किंवा ई अथवा डब्ल्यू अक्षराने सुरू होणारा क्रमांक सापडू शकतो. कॅनडाच्या सरकारने १९४०च्या दशकापासून इनुइट माणसांना असे क्रमांक दिले होते, ई पूर्वेकडच्यांना, डब्ल्यू पश्चिमेकडच्यांना. इग्लूचं चित्र असलेली चिठ्ठी १९५८पासूनची. झिम्बाब्वेचे कारागीर दगड तापवून त्यावर मेण चढवतात. पॉलिश केलेला भाग गडद चमकतो आणि मुद्दाम सोडलेल्या भागात दगडाची फिकी, छिन्नीने टोचलेली साल तशीच राहते. हा फरक एकदा बघितला की विसरत नाही. केनियातल्या ताबाकाचं किसी संगजिरे मलई, गुलाबी किंवा राखाडी. त्यावर रंग चढवून मग रेघा कोरतात, म्हणून रेघा आतल्या फिक्या दगडाच्या दिसतात. पोटाला जाळी आणि जाळीच्या आत दुसरा हत्ती असेल तर बहुधा आग्र्याचं काम.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या झुनी या मूळ रहिवाशांचे प्राणी तळहातात मावणारे, पाठीवर कधी बाणाचं टोक बांधलेलं, तोंडातून छातीकडे जाणारी बाणासारखी रेघ. पण या खुणांची नक्कल सगळीकडे होते, तेव्हा नुसत्या रेघेवर विसंबू नका. अकीक किंवा स्फटिकासारख्या कठीण दगडात बारीक काम असेल तर जर्मनीतलं इडार-ओबरश्टाइन मनात आणा. फाबर्जे या रशियन जवाहिऱ्याचं नाव मात्र उगाच घेऊ नका. ब्रिटनचा राजा सातव्या एडवर्डने १९०७ साली सँड्रिंगहॅम या आपल्या इस्टेटीतले प्राणी त्याच्याकडून दगडात करवून घेतले, आणि तेव्हापासून लाल खड्याचे डोळे असलेल्या प्रत्येक डुकराला हेच नाव चिकटवायचा मोह विकणाऱ्यांना होतो.

तळावर ‘चायना’ एवढाच शिक्का असेल तर तो बहुधा निर्यातीचा माल. अमेरिकेच्या १८९०च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं होतं.

अस्वलाच्या तळाला सही नाही, क्रमांक नाही. बोटांमधल्या खाचा सगळ्या एकाच रुंदीच्या आणि गोल तळाच्या, म्हणजे फिरत्या अवजाराने पाडलेल्या. पोटाखालीसुद्धा पाठीइतकंच पॉलिश. मोबाइलचा टॉर्च कानामागे धरला की पिवळसर हिरवा उजेड आरपार येतो आणि आत ढगाळ पांढरे ठिपके दिसतात. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या शिउयानचं सर्पेंटाइन असंच असतं, आणि ते ‘नवं जेड’ म्हणून विकलं जातं. मी चिठ्ठीवर लिहिलं: ‘सर्पेंटाइन, घनता २.५९, चाकूने चरतं. यंत्राने कोरलेलं. बहुधा चीन.’ ‘बहुधा’ फक्त शेवटच्या शब्दाला लागू आहे, आधीचं मोजलेलं आहे. मालकाला एवढ्यावर समाधान नसेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत वक्रीभवनांक (दगडात शिरताना उजेड किती वळतो त्याचा आकडा) मोजून घ्यावा. सर्पेंटाइनचा १.५६च्या आसपास येतो, नेफ्राइटचा १.६१, आणि त्यासाठी नगाला साधा ओरखडाही पडत नाही.